एएफ आहे, पण नाडी ४५: एका कुटुंबाचं प्रकरण

सुरुवातीलाच सांगते, यातली वयं, गावं, नोकरी, नाती थोडी इकडची तिकडे केलीत आणि घरच्यांनी लिहायला हो म्हटलंय. मी जेनेटिक काउन्सेलर आहे, हार्टची डॉक्टर नाही, त्यामुळे केसमध्ये माझा शिरकाव मधूनच झाला, पण सगळे रिपोर्ट आणि चर्चा समोर होत्या म्हणून पहिल्यापासून मांडतेय. तरुण माणसाला एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ झालं की बोलणं बहुतेक वेळा गोळी की अ‍ॅब्लेशन (नळी घालून हृदयातला बिघडलेला भाग निकामी करणं) एवढ्यावरच फिरत राहतं. इथे एएफ हा आजाराचा फक्त आधी दिसलेला भाग होता, आणि तसा संशय यायला लागणारा पुरावा पहिल्याच ईसीजीवर होता.

पार्श्वभूमी

पेशंटला घरात सगळे दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू. वय ३९, मूळचे सातारा जिल्ह्यातले, चाकणला एका कारखान्यात वेल्डिंग शॉपचे सुपरवायझर. माळकरी माणूस, दारू नाही तंबाखू नाही, बीपी शुगर काही नाही, वजन बेताचं. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्यापासून निदान जेजुरीपर्यंत चालायचे आणि त्या वर्षी दिवे घाट चढताना त्यांना दम लागून मध्ये मध्ये बसावं लागलं. उन्हाने झालं असेल म्हणून सोडून दिलं.

मेहुण्यांनी दुबईहून आणलेलं स्मार्टवॉच हातात होतं. ते रात्री-अपरात्री नाडी ४० च्या खाली गेल्याचा अलर्ट द्यायला लागलं. दादांनी त्यावरच ईसीजी काढून बघितला तर 'अनिर्णायक' असं यायचं. आता ही गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते की अशा घड्याळांमधला एएफ ओळखणारा प्रोग्रॅम साधारण ५० च्या खालच्या नाडीवर निकालच देत नाही, नाडी मंद आहे एवढं म्हणून गप्प बसतो. म्हणजे एएफ नाही असं त्याचं म्हणणं नसतं, त्याचं म्हणणंच नसतं. दादांना मित्रांनी सांगितलं की धावपटूंची नाडी अशीच असते, चांगलं हार्ट आहे तुझं. दादांना ते पटलंही, कोणाला नाही पटणार.

मग एक दिवस शिफ्टमध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून जवळच्या दवाखान्यात गेले, तिथे कागदावरचा नीट ईसीजी निघाला. एएफ, नाडी ४६. डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारी गोळी, आणि अ‍ॅस्पिरिन लिहून दिलं. त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी दादा शॉप फ्लोअरवर बेशुद्ध पडले आणि आमच्याकडे आले.

अडचण नेमकी काय होती

एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशेच्या वेगाने नुसते थरथरत असतात. तेवढे सिग्नल खाली गेले तर माणूस जगणार नाही, म्हणून मध्ये एव्ही नोड असतो, खेड शिवापूरच्या टोलनाक्यासारखा, मागे कितीही गाड्या येऊ देत, तो मोजून सोडतो. धडधाकट तरुण माणसाचा एव्ही नोड औषधाशिवाय मिनिटाला १२०-१५० तरी सोडतोच, म्हणून तर एएफ झालं की छाती धडधडते. दादांनी कुठलंही औषध घेतलेलं नसताना तो ४५-४६ च सोडत होता. म्हणजे बिघाड फक्त वरच्या कप्प्यांत नव्हता, खालच्या वायरिंगमध्येही होता, आणि ३९ व्या वर्षी दोन्हीकडे एकदम बिघाड असणं हे साधं प्रकरण नाही. अशा माणसाला बीटा ब्लॉकर म्हणजे आधीच मंद असलेल्या एव्ही नोडला आणखी मंद करणं. त्या डॉक्टरांना फार दोष द्यावा असंही मला वाटत नाही, एएफ म्हटलं की हात आपोआप रेट कंट्रोलच्या गोळीकडे जातो. अ‍ॅस्पिरिनचं मात्र पटत नाही, एएफमधली गुठळी रोखायला ते पुरत नाही आणि रक्तस्राव मात्र करू शकतं, हे आता बरीच वर्षं स्पष्ट आहे.

गोळी बंद केली, वॉर्डात मॉनिटरवर ठेवलं. थायरॉइड नॉर्मल. इकोमध्ये झडपा स्वच्छ, हे महत्त्वाचं कारण आपल्याकडे तरुण पेशंटला एएफ म्हटलं की पहिला संशय लहानपणीच्या रूमॅटिक तापाने खराब झालेल्या मायट्रल झडपेवर जातो, आणि तसं असतं तर सगळा रस्ताच वेगळा, तिथे रक्त पातळ करायला अजूनही वॉरफरिनच्या जातीची जुनी औषधंच लागतात. दादांचं पंपिंग, म्हणजे ईएफ, ५० टक्के. नॉर्मलच्या काठावर. डावा वरचा कप्पा थोडा मोठा. होल्टरमध्ये, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवायच्या ईसीजीमध्ये, कधी एएफ, कधी नॉर्मल ठोका, पण नॉर्मल ठोक्यातही पीआरचं अंतर, म्हणजे सिग्नल वरून खाली पोचायला लागणारा वेळ, २८० मिलिसेकंद, जे २०० च्या आत पाहिजे. दिवसाढवळ्या जागेपणी ३.४ सेकंदांचा पॉज, म्हणजे तेवढा वेळ ठोकाच नाही. आणि एका ठिकाणी खालच्या कप्प्यातून आलेले सलग पाच जलद ठोके, ज्याला एनएसव्हीटी म्हणतात. रक्तात सीके थोडं वाढलेलं, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारं एन्झाइम. ते कोणी फार मनावर घेतलं नव्हतं.

घरातली माणसं

इथे मला बोलावलं. तीन पिढ्यांचा तक्ता काढायला बसलो तेव्हा दादा, वहिनी आणि दादांच्या आई होत्या.

दादांचे वडील, नाना, २००९ मध्ये वारले, वय ५१. त्यांना ४६ व्या वर्षी पेसमेकर बसवला होता. पहाटे उसाला पाणी द्यायला गेले आणि बांधावरच पडलेले सापडले. गावात तेव्हा चर्चा अशी की पेसमेकर बंद पडला, कंपनीने डुप्लिकेट माल दिला, कोणी म्हणे बॅटरी संपली. सोळा-सतरा वर्षं हे घर हेच धरून बसलं होतं आणि म्हणून आमच्याकडे पेसमेकर हा शब्द निघाल्यावर आईंनी थेट नाही म्हटलं होतं. नानांची बहीण, म्हणजे दादांची आत्या, ४४ व्या वर्षी लकवा मारून गेली. आजोबा 'दम्याने' गेले.

मी सहज विचारलं की नानांना अंगाचा काही त्रास होता का, हातापायाचा. आई म्हणाल्या, "तसं काई न्हाई, हात तेवढे सरळ होत नव्हते त्यांचे. कोपरात वाकलेलेच राह्यचे. पोती उचलून उचलून झालं म्हणायचे." दादांना हात सरळ करायला सांगितले. उजवं कोपर पूर्ण उघडत नव्हतं, दहा-पंधरा अंश राहत होते. त्यांना स्वतःला ते माहीतच नव्हतं.

मंद नाडीचं एएफ, एव्ही ब्लॉक (एव्ही नोडपाशी सिग्नल अडणं), एनएसव्हीटी, वाढलेलं सीके, आखडलेलं कोपर, पेसमेकर असूनही अचानक मृत्यू, चाळिशीत स्ट्रोक. हे सगळं एका ओळीत लिहिलं की एकच नाव सगळ्यात पुढे येतं, एलएमएनए. हा जीन लॅमिन ए आणि सी नावाची प्रथिनं बनवतो, पेशीच्या केंद्रकाचं आतलं अस्तर त्यांचं असतं. हृदयाच्या आणि स्नायूंच्या पेशी सतत ताणल्या जातात, अस्तर कमजोर असेल तर त्या हळूहळू मरतात आणि जागी व्रण येतो. बहुतेक वेळा क्रम ठरलेला असतो, आधी वायरिंग आणि एएफ, तिशी-चाळिशीत, मग पंपिंग कमी होणं, आणि या सगळ्यात कधीही खालच्या कप्प्याचे जीवघेणे ठोके. गंमत म्हणजे ईएफ बरा असतानाही ते येऊ शकतात, त्यामुळे इको बघून निर्धास्त होता येत नाही.

पर्याय आणि त्यावरची वादावादी

पहिला पर्याय घरच्यांनीच आणला होता, अ‍ॅब्लेशन. भावाने यूट्यूबवर पल्स्ड फील्डवाली नवी पद्धत बघितली होती, जी गरम किंवा थंड न करता विजेच्या अतिशय छोट्या पल्सने टिश्यू निकामी करते, अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा मंजूर झाली आणि आता आपल्याकडेही मोठ्या शहरांत होते. "त्या नव्या मशीनने करून टाका ना एकदाचं" असा सूर. विचार अगदीच चुकीचा नव्हता, एएफ लवकर पकडून ठोका ताळ्यावर ठेवला तर पुढचे धोके कमी होतात हे २०२० च्या ईस्ट ट्रायलमध्ये दिसलेलं आहे. पण अ‍ॅब्लेशनचा पाया आहे १९९८ मधला फ्रान्सच्या बोर्दो गटाचा शोध, की एएफची ठिणगी बहुतेकदा फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, म्हणून तेवढा भाग वेगळा करायचा. दादांच्या केसमध्ये ठिणगीपेक्षा सगळा कप्पाच आजारी असण्याची शक्यता जास्त होती, एएफ परत येणार हे जवळपास धरून चालायला लागणार होतं, आणि अ‍ॅब्लेशनने ना पॉज थांबणार ना एनएसव्हीटी. लाखांत खर्च होऊन मूळ धोका तिथेच. तो पर्याय बाजूला ठेवला, कायमचा नाही.

दुसरा, फ्लेकेनाइडसारखी ठोका सुधारणारी गोळी. व्रण असलेल्या हृदयात हा वर्ग धोकादायक आहे. लगेच फुली.

तिसरा, साधा पेसमेकर. पॉज आहेत, चक्कर आहे, नियमात बसतं, खर्च त्यातल्या त्यात कमी. बाकी काही माहीत नसतं तर हाच बसवला असता आणि कोणी चूक म्हटलं नसतं. नानांचंही हेच झालं होतं. पेसमेकर मंद ठोका सावरतो, खालचा कप्पा बेफाम सुटला तर तो काहीच करू शकत नाही. त्याच्याकडे शॉकच नसतो. हे आईंना समजावताना मी म्हटलं की नानांचा पेसमेकर बहुतेक शेवटपर्यंत नीट चालू होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हंजे त्या कंपनीवाल्याला आम्ही उगाच शिव्या दिल्या."

चौथा, आयसीडी, जो पेसमेकरचं काम करतो आणि वेळ आली तर शॉकही देतो. किंमत पेसमेकरच्या कितीतरी पट. इथे एक छोटा पण फार बोलका अभ्यास उपयोगी पडला, २००६ मधला, लॅमिनचा दोष असलेल्या आणि पेसमेकरची गरज असलेल्या १९ जणांना पेसमेकरऐवजी सरळ आयसीडी बसवला होता. त्यातल्या ८ जणांत यंत्राला पुढे खरोखर जीवघेण्या ठोक्यांवर काम करावं लागलं. १९ पैकी ८. म्हणून आता सल्ला असा आहे की लॅमिनच्या पेशंटला पेसिंगची गरज लागली की आयसीडीचाच विचार करायचा.

मग प्रश्न उरला की जीनचा रिपोर्ट यायच्या आधी बसवायचं की थांबायचं. टीममध्ये यावर सरळ दोन तट होते. एका सीनियरचं म्हणणं, घराण्याची हिस्टरी आणि होल्टर एवढं बोलतंय की रिपोर्टची वाट कशाला, रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी मी आयसीडीच बसवणार. दुसऱ्यांचं म्हणणं, ३९ वर्षांच्या माणसाच्या छातीत आयुष्यभराची वायर घालतोय, दर काही वर्षांनी बॅटरी बदलायची आहे, पैशाची सोय कर्ज काढून होणार आहे, तर महिनाभर थांबून कारण पक्कं करू.

प्रत्यक्षात काय केलं

आधी एमआरआय, आणि तो यंत्र बसवायच्या आत. हा क्रम साधा वाटतो पण चुकतो. यंत्र आणि वायर बसल्यावर एमआरआय करता आला तरी आयसीडीच्या डब्याची सावली नेमकी हृदयावर पडते आणि चित्र खराब येतं. गॅडोलिनियम देऊन केलेल्या एमआरआयमध्ये दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या वरच्या भागात, भिंतीच्या मधोमध व्रणाची रेघ दिसली. हार्ट अटॅकचा व्रण आतल्या बाजूने सुरू होतो, हा तसा नव्हता.

त्याच आठवड्यात रक्त पातळ करायची गोळी, अपिक्सॅबॅन, सुरू केली. यावरही थोडी चर्चा झाली. स्ट्रोकचा धोका मोजायचा नेहमीचा चॅड्स-व्हॅस्क स्कोर दादांचा शून्य येतो, वय कमी, बीपी-शुगर नाही, त्या हिशोबाने गोळी लागत नाही. पण तो स्कोर सर्वसाधारण एएफसाठी आहे, जिथे वरचा कप्पाच आजाराने ग्रासलाय तिथे शून्याचा अर्थ शून्य धोका असा घेता येत नाही. आत्याचा लकवा सगळ्यांच्या डोक्यात होता, तिलाही हेच एएफ असणार आणि तेव्हा कोणी नाडी मोजली नसणार.

पॉज गोळी बंद झाल्यावर थोडे कमी झाले, त्यामुळे थांबणारा गट जिंकला. जीन पॅनेलसाठी, म्हणजे एकदम बरेच जीन तपासणाऱ्या टेस्टसाठी, रक्त पाठवलं, दादांना बाइक बंद, नाइट शिफ्ट बंद, उंचावर चढणं बंद, अंगावर पॅच मॉनिटर, आणि सोबत कोणीतरी पाहिजेच. महिनाभराने रिपोर्ट आला. एलएमएनएमध्ये प्रथिन अर्धवट तोडणारा बदल, पॅथोजेनिक, म्हणजे आजार करणारा. त्याखाली टायटिन नावाच्या जीनमध्ये आणखी एक बदल, शेरा 'अर्थ अनिश्चित', ज्याला आम्ही व्हीयूएस म्हणतो.

खरा घोळ त्या दुसऱ्या ओळीने घातला. घरी जाऊन भावाने गुगल केलं, टायटिन आणि एएफचं नातं वाचलं, आणि "दोन-दोन दोष निघाले" म्हणून घरात रडारड. टायटिन हा माणसातला सगळ्यात लांब प्रथिनाचा जीन आहे, त्यात एका अक्षराचे किरकोळ बदल तुमच्या माझ्यातही सापडतील. तरुण वयातल्या एएफशी ज्याचं नातं दिसलंय तो प्रथिन मध्येच तोडणारा प्रकार, दादांचा तसा नव्हता. अमेरिकेत २०२१ मध्ये ६६ च्या आत एएफ झालेल्या १२९३ लोकांच्या जीन तपासण्या छापून आल्या, त्यात १०.१ टक्क्यांना ठोस दोष सापडला आणि तब्बल ६२.८ टक्क्यांना असे अनिश्चित शेरे. म्हणजे टेस्ट केली की उत्तरापेक्षा गोंधळ हाती यायचीच शक्यता जास्त, हे टेस्टच्या आधी सांगायला लागतं, नंतर सांगून उपयोग नसतो. आपल्या लोकांचा डेटा कमी असल्याने भारतीय रिपोर्टमध्ये हे शेरे आणखी वाढतात, जीनोम इंडिया या भारतीयांच्या जीनोमच्या प्रकल्पातल्या १० हजार नमुन्यांमुळे हळूहळू फरक पडेल अशी आशा आहे. व्हीयूएसवर कोणताही उपचार ठरवायचा नाही आणि त्यासाठी घरच्यांच्या टेस्ट करायच्या नाहीत, एवढं मी कागदावर मराठीत लिहून दिलं.

लॅमिनसाठी एक रिस्क कॅल्क्युलेटर आहे, २०१९ चा, फ्रान्सच्या ४४४ पेशंटवरून बनवलेला. पुरुष असणं, प्रथिन तोडणारा बदल, एव्ही ब्लॉक, एनएसव्हीटी आणि ईएफ एवढंच विचारतो. पाच वर्षांत जीवघेण्या ठोक्याची शक्यता १० टक्क्यांच्या वर गेली तर आयसीडीकडे झुकायचं. दादा त्या रेषेच्या चांगलेच वर होते. फ्रेंच लोकांवरचा हिशोब साताऱ्याच्या माणसाला किती लागू, हा प्रश्न आहेच, पण रेषेच्या आसपास असते तर वाद घातला असता.

शेवटी तीन वायरींचा सीआरटी-डी बसवला, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र चालवणारा आयसीडी. पुढे जवळपास प्रत्येक ठोका यंत्रालाच द्यावा लागणार होता आणि फक्त उजव्या बाजूने पेसिंग केलं तर काठावरचा ईएफ आणखी घसरतो, म्हणून तिसरी वायर पडद्यात डाव्या बंडलजवळ बसवली, म्हणजे सिग्नल हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगने जातो.

पैसे कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून काही आणि पतसंस्थेच्या कर्जातून काही. टीपीएने, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, आधी 'जनुकीय आजार, देय नाही' म्हणून फाइल परत पाठवली. मार्च २०१८ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने विमा कंपन्यांना जनुकीय विकार या कारणावर क्लेम नाकारू नका असं कळवलेलं आहे, त्याच्या मागची दिल्ली हायकोर्टातली केससुद्धा हृदयाच्या स्नायूच्या आजाराचीच होती. आमच्या ऑफिसने ते पत्रक जोडून आणि आजार आत्ताच पहिल्यांदा कळलाय असं डॉक्टरांचं पत्र जोडून परत पाठवलं, मग मंजूर झालं. हे पत्रक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कामाला येतं.

बाकीचं घर

जीन टेस्टचा दादांच्या स्वतःच्या एएफला तसा थेट फायदा काहीच नाही. जीनवरचं औषध आहे का हे दादांनी विचारलं होतं, लॅमिनसाठी एका गोळीची मोठी ट्रायल चालू होती, ती फायझरने २०२२ मध्ये उपयोग दिसत नाही म्हणून थांबवली. टेस्टचा फायदा यंत्र निवडायला झाला आणि बाकीच्या घराला. एकदा घरातला नेमका बदल कळला की बाकीच्यांचा फक्त तेवढाच एक बदल बघायचा असतो, ते पूर्ण पॅनेलपेक्षा बरंच स्वस्त पडतं. दोष असलेल्याच्या प्रत्येक मुलाला तो यायची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी.

ताईंचा, म्हणजे दादांच्या बहिणीचा, निगेटिव्ह आला. त्यांच्यापुरता आणि त्यांच्या मुलांपुरता विषय संपला, दरवर्षीच्या इकोतून सुटका.

धाकटा भाऊ, ३१, पॉझिटिव्ह. तब्येत ठणठणीत, ईसीजीत पीआर २२०, बाकी काही नाही. आणि त्याची स्थळं बघणं चालू. आईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे बाहेर कुणाला कळणार नाही ना? पोराचं लग्न व्हायचंय." माझ्याकडून कळणार नाही, रिपोर्ट त्याचा आहे, हे मी सांगितलं, आणि त्याच्याशी एकट्याशी बोलले. लग्न ठरण्याआधी सांगावं असं माझं मत आहे, पण ते मी त्याच्यावर लादू शकत नाही. त्याला हेही सांगितलं की पुढे मूल हवं असेल तेव्हा आयव्हीएफबरोबर गर्भाची जीन तपासणी हा मार्ग आहे, खर्चिक आहे, पण आहे. त्याने एका मुलीला साखरपुड्याआधी स्वतः सांगितलं. ते स्थळ मोडलं. सध्या त्याने बघणंच थांबवलंय, आई माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सगळ्यात अवघड दादांची मुलगी. वय १३, तालुक्याला १५०० मीटर पळते, कोच म्हणतात जिल्ह्याला जाईल. लहान मुलांच्या अशा टेस्ट शक्यतो त्यांना कळत्या वयात स्वतः ठरवू द्याव्यात असा रिवाज आहे. पण लॅमिनमध्ये जोरदार, दमसास लागणारा व्यायाम आजार लवकर आणतो, म्हणून पळणाऱ्या मुलीला थांबवूनही ठेवता येईना आणि पळू देताही येईना. वहिनींचं म्हणणं टेस्ट नको, पळणंच बंद करू, कारण विचारलं तर अभ्यासाचं सांगू. दादांचं म्हणणं, मग ती निगेटिव्ह असली तर? उगाच का बंद करायचं? मुलीला विचारलं. तिने एवढंच विचारलं की रिपोर्ट किती दिवसांत येतो, कारण पुढच्या महिन्यात सिलेक्शन होतं. टेस्ट केली, निगेटिव्ह आली. धाकट्या मुलाचं, वय ९, अजून केलेलं नाही, वर्षातून एकदा ईसीजी आणि इको, दहा-बाराव्या वर्षी परत बसायचं ठरलंय.

पुढे काय झालं

यंत्राबरोबर उशाशी ठेवायचा एक मॉनिटर मिळतो, तो रात्री यंत्रातली माहिती मोबाइल नेटवर्कवरून क्लिनिकला पाठवतो. चाकणच्या खोलीत मस्त चालायचा, गावी गेलं की बंद, घरात रेंजच नाही. मग तो माळवदावरच्या खोलीत खिडकीशी ठेवायचं ठरलं आणि दादांचं अंथरूणही तिकडेच गेलं.

यंत्र बसवून वर्ष उलटल्यावर एका सकाळी क्लिनिकला अलर्ट आला. पहाटे २१० च्या वेगाने खालच्या कप्प्याचे ठोके सुटले होते, यंत्राने शॉक न देता त्याच्याहून जलद पेसिंग करून ते मोडून काढले. दादांना फोन केला तर ते कामाला निघाले होते, रात्री काही जाणवलं का विचारलं तर म्हणाले नाही, झोप छान लागली. औषधं थोडी वाढवली.

एएफ वाढत गेलंय, यंत्राच्या नोंदीत आता बहुतेक वेळ एएफच असतं. पण खालून पेसिंग चालू असल्याने त्रास कमी आणि अपिक्सॅबॅन चालू. अ‍ॅब्लेशन अजून केलेलं नाही. आर्क वेल्डिंगमधून येणाऱ्या विद्युत लहरींचा आयसीडीला अडथळा होऊ शकतो म्हणून कंपनीने त्यांना वेल्डिंग शॉपमधून क्वालिटीला हलवलं, ओव्हरटाइम गेला त्यामुळे पगार घटला, कर्जाचा हप्ता तोच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला ईसीजी. एएफ आहे, औषध चालू नाही आणि नाडी ५० च्या खाली, एवढ्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की रेट कंट्रोलची गोळी न देता होल्टर करायचं आणि पुढे पाठवायचं. याला जीन टेस्ट लागत नाही, महाग मशीन लागत नाही. घड्याळाने त्याच्या कुवतीप्रमाणे काम केलं, नाडी मंद आहे हे ते बिचारं महिनोन्महिने सांगत होतं, त्याचा अर्थ विचारायला कोणी नव्हतं.

दुसरं, हिस्टरी. पहिल्या दोन्ही दवाखान्यांच्या कागदांवर 'कौटुंबिक इतिहास: काही नाही' असं लिहिलंय. "घरात कोणाला हार्टचा त्रास?" असं विचारलं की नाहीच येतं, कारण आजोबा दम्याने गेलेले असतात, आत्या लकव्याने आणि वडील पेसमेकर बंद पडून. कोण किती वयात गेलं, कसं गेलं, झोपेत की काम करताना, पेसमेकर होता का, हातपाय आखडायचे का, असं एकेक विचारावं लागतं. पाऊण तास जातो. अमेरिकेच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये ४५ च्या आत विनाकारण एएफ झालेल्यांना जेनेटिक काउन्सेलिंग आणि टेस्टचा विचार करायला हरकत नाही असं म्हटलंय, शिफारस सौम्यच आहे आणि माझ्या मते सौम्यच असावी, सरसकट सगळ्यांचं पॅनेल करत सुटलो तर व्हीयूएसचा पूर येईल. मंद नाडी किंवा पीआर वाढलेला किंवा घरात अचानक मृत्यू, यातलं काही असेल तर मात्र लगेच.

नानांची जुनी फाइल नंतर पत्र्याच्या पेटीत सापडली. त्यातला ईसीजी दादांच्या ईसीजीसारखाच होता, एएफ, नाडी ४४. लॅमिन आणि हृदयाचं नातं १९९९ मध्ये छापून आलं होतं, पण तेव्हाच्या तालुक्याच्या गावात ही टेस्ट कोण करणार होतं. नानांच्या बाबतीत कोणी वेगळं काही करू शकलं असतं असं मला वाटत नाही.

आणि तो महिना. वाट बघायचा निर्णय निभावला, पण बरोबर होता का यावर आमच्यात आजही एकमत नाही. सीनियर अजून म्हणतात की व्रण, एनएसव्हीटी, बेशुद्धी आणि वडिलांचा मृत्यू एवढं हातात असताना माणसाला पॅच लावून घरी पाठवणं हा जुगार होता, रिपोर्टने निर्णय बदलणारच नव्हता. दुसरी बाजू म्हणते की रिपोर्टशिवाय ना आईंनी यंत्राला हो म्हटलं असतं ना दादांनी कर्ज काढलं असतं. पुढच्या अशा केसमध्ये एमआरआयमध्ये व्रण दिसला की पेशंटला रिपोर्ट येईपर्यंत घरी सोडायचं नाही, वॉर्डातच यंत्र बसवायचं, असा ठराव सीनियरनी मांडलाय. खर्चाचं काय यावर अडलंय.